आबांचा बिल्ला

३ नोव्हेंबर, सोमवार

नेमणुकीच्या कागदावर ‘सुरक्षा सहाय्यक’ असं छापलंय. खरा शब्द ‘साहाय्यक’. पण पहिल्याच दिवशी साहेबांना शुद्धलेखन शिकवणं म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. गप्प बसलो. शाळा अर्ध्यात सुटली तरी ऱ्हस्व-दीर्घ मी सोडलं नाही, म्हणून ही नोकरी मिळाली, असं ताई सगळ्यांना सांगते. खरी गोष्ट अशी की दाजींनी शब्द टाकला. ताईशी लग्न व्हायच्या आधीपासून दाजी या शीतगृहात आहेत, आणि मी त्यांच्याच घराच्या मागच्या खोलीत राहतो. त्यांचा शब्द खाली पडता कामा नये. मला अजून कायम केलेलं नाही.

काम समजून घेतलं. एका लांब बोळात ओळीनं पाच खोल्या, प्रत्येकीत गोठवलेल्या मालाच्या पेट्या छतापर्यंत. आत इतकी थंडी की ओलं फडकं झटकेपर्यंत त्याचं लाकूड होतं. प्रत्येक दाराबाहेर एक फळा आणि फळ्यावर खिळे. आत जाताना आपला पितळी बिल्ला खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. संध्याकाळी फळा रिकामा दिसला की दिवे बंद आणि दाराला कुलूप. आतून दार उघडायला एक दांडा आहे, पण त्यावर बर्फ धरतो. कधी चालतो, कधी नाही. दुरुस्ती पुढच्या अंदाजपत्रकात आहे म्हणे.

संध्याकाळी सगळे बाहेर आले तरी चार नंबरच्या फळ्यावर एक बिल्ला लटकत होता. धावत दाजींकडे गेलो.

“दाजी, आत माणूस राहिलाय!”

दाजी डबा विसळत होते. “असू दे. तो आबा आहे.”

“मग बोलवा की त्यांना बाहेर!”

सगळे खो खो हसले. हातगाडीवाला म्हणाला, “तूच बोलाव बाबा. आमचं तर इतक्या वर्षांत ऐकलं नाही त्यानं. तुझा आवाज नवा आहे, भुलला तर भुलला.”

दाजी हसले नाहीत. हात पुसले, जाड कोट चढवला आणि चार नंबरमध्ये गेले. थोड्या वेळानं बाहेर आले, मग कुलूप लागलं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आबांची हकीकत ताईनं सांगितली. दाजी बोलत नाहीत त्यावर.

आबा म्हणजे दाजींना काम शिकवणारे. ना बायको, ना मूल. दाजींनाच मुलासारखं धरलं होतं. एका संध्याकाळी ते चार नंबरमध्ये होते आणि त्यांचा बिल्ला खिळ्यावरून निसटून खाली पडला. कुलूप लावणाऱ्यानं फळा पाहिला, रिकामा होता. सकाळी आबा दाराला पाठ लावून बसलेले सापडले. दांड्यावर बर्फ धरला होता.

तेव्हापासून तो बिल्ला चार नंबरच्या फळ्यावरच आहे. “तो फळा परत रिकामा दिसायला नको म्हणून,” ताई म्हणाली. “आणि फळ्यावर बिल्ला असताना कुलूप लावायचं नाही हा तर तुमचाच नियम ना? मग रोज आत जाऊन बघावं लागतं. हे जातात, शेवटच्या भिंतीपर्यंत फिरतात, आबांना ‘येतो’ म्हणतात आणि मग कुलूप.”

“दाजी आत जाताना स्वतःचा बिल्ला लावत नाहीत,” मी म्हणालो. मी नीट पाहिलं होतं.

“आबांचा आहे की तिथे.”

हे बरोबर नाही. पण दाजींना कसं सांगणार?

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कंपनीनं दुसरीकडचं एक शीतगृह विकत घेऊन बंद केलं आणि तिथली माणसं इकडे आणली. आपले लोक त्यांना ‘पलीकडचे’ म्हणतात. त्यांची भाषा वेगळी. आपली भाषा त्यांच्यातल्या एकालाच येते. तो लोकरी कानटोपी जेवतानासुद्धा काढत नाही, म्हणून त्याचं नावच कानटोपी पडलंय. चांगला उंचापुरा, सावकाश बोलणारा माणूस आहे. कुलपं लावायचं काम त्याच्याकडे दिलंय.

आज मोठी बाचाबाची झाली. पलीकडचे चार नंबरमध्ये जातात, काम करतात, पण तिथल्या फळ्यावर बिल्ला अडकवत नाहीत, खिशात ठेवतात. मी कानटोपीला कारण विचारलं.

“मेलेल्याशेजारी जिवंत माणसाचं काही टांगायचं नाही,” तो म्हणाला. “तो एकटा असतो. आपलं समजून घेऊन जातो.”

हातगाडीवाला मागून ओरडला, “अरे, आमचा आबा चोर आहे काय?”

“चोर नाही म्हणालो. मेलेला म्हणालो. तुम्ही त्याला जा म्हणून सांगितलं नाही कधी. रोज येतो-येतो म्हणता. तो वाट बघत बसतो.”

“तुमच्यात माणूस गेला की दुसऱ्या दिवशी हाकलता वाटतं घरातून? भाडेकरूसारखा?”

कानटोपी शांतपणे म्हणाला, “हो. प्रेमानं हाकलतो.”

दाजी एवढंच म्हणाले, “चला, माल वितळतोय.”

१२ नोव्हेंबर, बुधवार

ज्याची भीती होती तेच झालं. संध्याकाळी दाजी चार नंबरमधून बाहेर आले ते एका पलीकडच्या माणसाला काखेत धरून. पाठीमागच्या पेट्यांच्या आडोशाला तो बसला होता. थंडीनं गुंगी आलेली, ओठ निळे. फळ्यावर त्याचा बिल्ला नव्हता. त्याच्या खिशात होता.

दाजींनी त्याला बोळात बसवून तळहात चोळले. कानटोपी दोन्ही हातांनी दाजींचा हात धरून बराच वेळ स्वतःच्या भाषेत काहीतरी म्हणत राहिला. दाजी ओशाळून म्हणाले, “अरे सोड, मी काही त्याला शोधायला गेलो नव्हतो. आबाला भेटायला गेलो होतो.”

मी सगळं टिपून साहेबांना दिलं. माझा निष्कर्ष सरळ आहे: आबांच्या बिल्ल्यामुळे पलीकडचे बिल्ला लावत नाहीत, म्हणून फळ्यावर विश्वास ठेवता येत नाही. ज्या फळ्यावर विश्वास ठेवता येत नाही तो नसलेला बरा. हे वाक्य मला चांगलं जमलं असं वाटलं.

झोप येत नाही, म्हणून उठून हे लिहितोय. त्या माणसाचे ओठ डोळ्यांसमोर येताहेत.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

मुख्य कचेरीतून सल्लागार बाई आल्या. बोलायला गोड, पण चपला काढून कोट घालेपर्यंत तीन प्रश्न विचारून मोकळ्या. माझं टिपण त्यांनी वाचलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाल्या, “हे कोणी लिहिलं? फार स्वच्छ लिहिलंय.” माझे कान तापले.

मग त्यांनी जोखीम म्हणजे काय ते समजावून सांगितलं. माणसं येतात-जातात, विसरतात, घाबरतात, दुःख करतात. म्हणून माणसाच्या भरवशावर राहायचं नाही, पद्धतीच्या भरवशावर राहायचं. दोन तऱ्हेची माणसं एकत्र आली की दोघांनाही पाळता येईल असा एकच नियम हवा. मला पटलं. मला वाटतं, मी लहानपणापासून असाच विचार करतो, फक्त मला शब्द माहीत नव्हते.

नंतर साहेबांनी मला आत बोलावलं. हंगामाचा माल महिनाअखेरीला येणार. तोवर दोन्हीकडच्या लोकांनी चार नंबरमध्ये नियमानं काम सुरू केलं नाही तर ती खोली बंद, आणि दोन्हीकडची काही माणसं कमी. “तुम्ही मिटवा,” ते म्हणाले. “तुमचे दाजी जुन्यांचे पुढारी आहेत. मिटलं तर तुम्हाला कायम करू.”

दाजी पुढारी वगैरे नाहीत. ते फक्त गप्प बसतात, म्हणून लोक त्यांचं ऐकतात.

२० नोव्हेंबर, गुरुवार

जेवण झाल्यावर विषय काढला. मी सुचवलं: आबांचा बिल्ला फळ्यावरून काढायचा, पण टाकायचा नाही. काचेची पेटी करून उपाहारगृहात लावायचा, सगळ्यांना दिसेल असा. जुन्यांचा मान राहील, पलीकडच्यांचं भय जाईल, फळा खरं बोलेल.

दाजी बराच वेळ बोटानं टेबलावरचं पाणी पुसत राहिले.

“मग संध्याकाळी मी आत कशाला जाऊ?”

“जायची गरजच नाही दाजी. फळा रिकामा असला की झालं.”

“गरज म्हणून कधी जात नव्हतो रे.”

ताई म्हणाली, “अहो, पोरगा सांगतोय ते ऐका. किती वर्षं त्या थंडीत जाऊन बोलणार? तुमचे गुडघे बघा. आणि त्याची नोकरी कायम होतेय.”

दाजी माझ्याकडे बघून हसले. “मेव्हणे, तुम्ही म्हणाल तसं. तुमचं शिक्षण आहे.”

माझं काही शिक्षण नाही हे त्यांना चांगलं माहीत आहे. पण ते थट्टेनं म्हणाले नाहीत, आणि त्याचंच मला वाईट वाटत राहिलं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

झालं एकदाचं. दाजींनी समजूत घातली, जुने कुरकुरत तयार झाले. बिल्ला काढायचं काम मात्र कोणी अंगावर घेईना. हातगाडीवाला म्हणाला, “मी नाही बाबा. मला रात्री एकट्यानं घरी जायचं असतं.” शेवटी मीच काढला. इतकी वर्षं त्या खिळ्यावर होता, पण पितळ जराही काळवंडलं नव्हतं. कोणीतरी रोज पुसत असणार. खाली लाकडावर त्याचा गोल ठसा उमटलाय, तो घासला तरी जात नाही.

काचेची पेटी सुरेख झालीये. दुपारी पलीकडचे एकेक करून आले आणि चार नंबरच्या फळ्यावर आपापले बिल्ले लावून आत गेले. साहेबांनी स्वतः पाहिलं. संध्याकाळी सगळे बाहेर, फळा रिकामा, कानटोपीनं दिवे बंद केले, कुलूप लावलं. बाईंना कळवलं. त्यांनी उलट कळवलं, “हा आदर्श नमुना आहे.”

दाजी बोळाच्या तोंडाशी कोट घालून उभे होते. कोट कशाला घातला विचारलं, तर म्हणाले, “सवय.”

२७ नोव्हेंबर, गुरुवार

दोन दिवस काही लिहिलं नाही, लिहिण्यासारखं काही झालं नाही. हीच तर चांगली गोष्ट. फळा सकाळी भरतो, संध्याकाळी रिकामा होतो. मी निघताना पाचही फळे पाहतो, मग परत मागे जाऊन पुन्हा पाहतो.

फक्त दाजी नीट जेवत नाहीत. आज ताईला म्हणाले, “त्याला सांगायचं राहून गेलं.” ताईनं विचारलं, “कोणाला?” तर म्हणाले, “काही नाही.”

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

घरी येऊन लगेच लिहितोय, कारण लिहिलं की मन ताळ्यावर येतं.

संध्याकाळी कुलपं लागल्यावर मी नेहमीसारखा फळे बघत बोळातून चाललो होतो. चार नंबरसमोर आलो आणि दारावर आतून ठक ठक झालं. घाईचा आवाज नव्हता. कोणी पाहुणा दारात उभा राहून वाजवतो, तसा. थांबला, मग परत झाला.

फळा पाहिला, रिकामा. खिळे हातानं चाचपून पाहिले. खाली वाकून फरशीवर पाहिलं, बिल्ला पडलाय का. आबांचं तसंच झालं होतं. काही नव्हतं. म्हणजे आत कोणी नाही. आत कोणी नसताना दार वाजतं तेव्हा ते उघडायचं का, यावर नियमात काही नाही. मेकॅनिक मागे म्हणाला होता की थंडीनं नळ्या आकसतात तेव्हा ठोकल्यासारखा आवाज येतो. नळ्याच असणार. कानटोपीकडे किल्ली मागायला जावं असं एकदा मनात आलं. पण फळा रिकामा असताना मीच दार उघडायला लावलं, तर उद्या फळ्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि पलीकडच्यांना कळलं की आत काही वाजतं, तर सगळंच मुसळ केरात. तसाच निघालो. बोळाच्या तोंडापर्यंत चालत गेलो, पळालो नाही.

मी केलं ते नियमाला धरून केलं. पुन्हा वाचून पाहिलं, कुठे चूक दिसत नाही.

ताईनं गरम गरम वाढलं. दाजी अजून आले नाहीत. ती दोनदा बाहेर डोकावून आली. मी म्हणालो, गाडी उशिरा आली असेल, माल उतरवत असतील. दार वाजतंय, आलेच वाट

२ डिसेंबर, मंगळवार

वरचं वाक्य अर्धं राहिलंय. ते पूर्ण करण्यात अर्थ नाही. दारात दाजी नव्हते, हातगाडीवाला होता.

दाजी चार नंबरमध्ये होते.

जे कळलं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी, सगळे बाहेर पडत असताना, दाजी आत गेले. आबांना सांगायला, की बिल्ला हलवलाय, आता रोज येणं होणार नाही. बिल्ला लावला नाही. त्या फेरीला त्यांनी कधीच लावला नव्हता. कानटोपीनं फळा पाहिला, दिवे बंद केले, कुलूप लावलं. अंधारात दाजी पेट्यांच्या चौकटीला अडखळून पडले आणि डोकं आपटलं.

त्यांना बाहेर काढलं कानटोपीनंच. मी गेल्यावर तो किल्ल्या जमा करायला त्या बोळातून चालला होता. त्यानं दार उघडलं.

दाजी शुद्धीवर आहेत. उजव्या हाताची बोटं काळी पडलीत. अंगठा सोडून बाकीची ठेवता येणार नाहीत, डॉक्टर म्हणाले.

ताई रुग्णालयात त्यांच्याजवळ बसून असते. मला म्हणाली, “तू तरी दोन घास खाऊन ये.”

४ डिसेंबर, गुरुवार

आज दाजी बरेच बोलले. साहेब भेटायला आले होते, मीही होतो. साहेबांनी विचारलं, “दारापर्यंत आला होतात का? ठोकलंत का?”

“कसला ठोकतोय साहेब. पडलो तो मागच्या भिंतीजवळ. हात हलेना, तोंडातून आवाज निघेना. दार कुठल्या बाजूला आहे तेही कळत नव्हतं.”

“नीट आठवा. एकदा तरी?”

“मी नाही ठोकलं.”

खोलीत ऊन होतं तरी माझ्या पाठीतून गार काहीतरी सरकलं. ताईनं विचारलं, “तुला काय झालं रे? बस खाली.” मी बसलो.

साहेब बाहेर आल्यावर मला म्हणाले, “बघितलंत? कानटोपी सांगतो, दार वाजलं म्हणून उघडलं. आणि हे म्हणतात ठोकलंच नाही. मग त्याला कसं कळलं आत माणूस आहे ते? बिल्ल्यावरून दोन्हीकडच्यांचं वाजलं होतं ना? यानंच मुद्दाम कोंडलं, मग घाबरला आणि यानंच सोडवलं. मंगळवारी चौकशी आहे. त्यानंतर पोलिसांकडे देऊ.”

मी ‘हो’ म्हणालो की काहीच म्हणालो नाही, आठवत नाही.

६ डिसेंबर, शनिवार

कानटोपीच्या खोलीवर गेलो. शीतगृहामागे एका खोलीत ते पाच जण राहतात. त्यानं बसायला आपली गादी दिली. सोमवारपासून त्याला कामावर घेणार नाहीत, हे त्याला सांगितलंय.

मी विचारलं, “दार वाजलं तेव्हा तुम्ही फळा पाहिला?”

“पाहिला. रिकामा.”

“मग का उघडलंत? तुम्हाला तर मेलेल्याची भीती वाटते.”

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी काहीतरी अगदीच पोरकट विचारलंय. “दार वाजलं की उघडायचं. जिवंत असेल तर आत घ्यायचं. मेलेला असेल तर तोंडावर सांगायचं, बाबा, इथलं संपलं, जा. न उघडता कसं चालेल? तो उभाच राहणार ना बाहेर.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“उघडलं. समोर कोणी नाही. अंधार. म्हटलं, आबा, जा आता. दिवा लावला, तर लांब तुझ्या दाजींचा बूट दिसला.”

त्याच्या खोलीतल्या कोणीतरी मला पाणी दिलं. मला वाटत होतं तो विचारेल, तू ऐकलंस का? मी त्या बोळात असतो हे त्याला माहीत आहे. त्यानं विचारलं नाही.

मला आता पक्कं वाटतं की आबा माझ्यावर रागावले. त्यांचा बिल्ला मी काढला, म्हणून त्यांनी दाजींना आत ओढलं आणि मला दार वाजवून दाखवलं. आपण होऊन कोणी मला हे सांगितलेलं नाही, पण दुसरा अर्थ लागत नाही. पद्धत तर बरोबर होती.

७ डिसेंबर, रविवार

चौकशीत बोललो नाही तर कानटोपी जाईल. बोललो तर ताईला कळेल. दिवसभर हेच दळण दळतोय.

संध्याकाळी ताई कपडे न्यायला घरी आली तेव्हा सांगितलं. तिनं दुसऱ्याच्या तोंडून ऐकू नये, एवढ्यासाठी. ती दाजींचा सदरा घडी करत होती. मी म्हणालो, “ताई, त्या दिवशी दार वाजलं ते मी ऐकलं होतं.”

तिला आधी कळलं नाही. मग घडी करायची थांबली.

“ऐकलंस आणि?”

“फळा रिकामा होता.”

“ऐकलंस आणि घरी आलास.”

“हो.”

“आणि मी तुला वाढलं,” ताई म्हणाली. “तू जेवलास. मी दारात जाऊन बघत होते आणि तू मला सांगत होतास गाडी उशिरा आली असेल.”

ती रडेल असं वाटलं होतं. तिनं सदऱ्याची घडी पुरी केली, पिशवीत ठेवला आणि निघून गेली. जाताना रोजच्यासारखं ‘कडी लावून घे’ म्हणाली नाही.

९ डिसेंबर, मंगळवार

चौकशीत सांगितलं. मीही ऐकलं, कानटोपीच्या आधी ऐकलं, फळा पाहिला आणि निघून गेलो. दोनदा सांगावं लागलं. कानटोपी खाली मान घालून बसला होता. त्यानं टोपी काढून हातात घेतली होती. त्याचे केस पांढरे आहेत हे मला आज कळलं.

सल्लागार बाई म्हणाल्या, “दोन वेगवेगळ्या माणसांनी ऐकलं, म्हणजे नळ्यांचाच आवाज. योगायोग चांगला झाला.” मेकॅनिकनं मान डोलावली. कानटोपीवरचा संशय गेला, त्याला परत घेतलं. दाजींनी बिल्ला न लावता आत जायला नको होतं, अशी नोंद झाली, पण त्यांना काढणार नाहीत, फाटकावर बसवतील. आतला दांडा या महिन्यातच दुरुस्त होणार.

आणि मी? मी विचारलं, “माझं काय?”

बाईंना प्रश्नच कळला नाही. “तुमचं काय? तुम्ही फळा पाहिला, खाली वाकून फरशीसुद्धा पाहिलीत. तुमचं काहीच चुकलेलं नाही.”

मला कायम केलं. कागद हातात दिला. त्यावर परत ‘सहाय्यक’च आहे.

कोणीतरी मला ओरडायला हवं होतं.

१४ डिसेंबर, रविवार

दाजी काल घरी आले. हाताला मोठं बँडेज. ताई माझ्याशी कामापुरतं बोलते. दाजींची बटणं लावायचं काम तिनं माझ्यावर सोपवलंय, म्हणजे तसं म्हणाली नाही, सदरा माझ्यापुढे ठेवून आत गेली.

बटणं लावता लावता दाजींनी आपणहून विषय काढला. “हिनं सांगितलं मला. तू ऐकलंस म्हणे.”

माझी बोटं थांबली.

“कसं वाजत होतं रे? जोरात?”

“नाही. हळू. घाई नव्हती.”

“थकला असेल,” दाजी म्हणाले. मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मला नीट लिहिता येणार नाही. त्यांना बरं वाटलं होतं. “म्हणजे मी तिथे पडलो होतो तेव्हा दाराशी कोणीतरी होतं. मी समजत होतो, एकटाच आहे.”

मी म्हणालो, “दाजी, मी उघडलं नाही.”

“हो रे, ते कळलं मला.” त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थापटलं. “कानटोपीनं उघडलं ना. मग तो काय म्हणाला त्याला?”

मला खोटं सांगता आलं असतं. “म्हणाला, आबा, जा आता.”

“जा म्हणाला?” दाजी खिडकीकडे बघत राहिले. “आणि गेला?”

“चार नंबरमध्ये त्यानंतर काही वाजलं नाही. मी रोज कुलूप लागायच्या आधी आत जाऊन येतो.” हे मी कोणाला सांगितलं नव्हतं. नियमात बसत नाही. माझा बिल्ला मात्र लावून जातो.

“जाईल कुठे पण?” दाजी म्हणाले. “त्याला आमच्याशिवाय आहे कोण?”

दुपारपासून मला सारखं वाटतंय की दार वाजलं. जातो, उघडतो, कोणी नसतं. वाऱ्यानं वाजतं का, शेजारच्यांचं वाजतं का, कळत नाही. परत येऊन बसतो, परत वाटतं, परत उठतो. ताई स्वयंपाकघरातून बघत होती. मला वाटलं, आता ही चिडणार.

संध्याकाळी मी पुन्हा उठायला लागलो तर ती म्हणाली, “बस.” स्वतः गेली. दार उघडलं, बाहेर बोळात दोन्हीकडे पाहिलं. मग तिनं दाराखाली पाट सरकवला आणि ते तसंच सताड उघडं ठेवून परत कामाला लागली. गार वारा आत येत होता. दाजींनी पांघरूण वर ओढून घेतलं. दार लाव, असं कोणीच म्हणालं नाही.